चार्ल्स ब्रॅडलॉ आणि संसदेची शपथ

दिलेल्या शब्दाला साक्षीदार असावा, ही भावना आपल्या समाजात फार जुनी आहे. बेलभंडार उचलून दिलेले वचन मोडू नये, तुळशीपत्र हाती घेऊन खोटे बोलू नये, ही शिकवण आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. बोलणारा ज्याला पवित्र मानतो त्यालाच साक्षी ठेवले म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येते, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु जो ईश्वराचे अस्तित्वच मानीत नाही, त्याने कोणाला साक्षी ठेवावे? आणि तो हजारो मतदारांनी निवडून दिलेला लोकप्रतिनिधी असेल, तर केवळ या कारणासाठी त्याला सभागृहाबाहेर ठेवावे काय? हा प्रश्न १८८० साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे उभा राहिला आणि त्याचा निकाल लागावयास तब्बल आठ वर्षे लागली. ज्या एका मनुष्यामुळे तो उपस्थित झाला त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. हिंदुस्थानचा कैवारी म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना हे नाव चांगले परिचित होते. आज ते विस्मृतीत चालले आहे, म्हणून त्या चरित्राची ओळख आमच्या विद्यार्थिवाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटते.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्स्टन या गरीब वस्तीच्या भागात झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. मिळकत बेताची आणि कुटुंब मोठे, त्यामुळे चार्ल्सची शाळा लहानपणीच सुटली. प्रथम कचेरीत निरोप्याचे काम व नंतर कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी, असा त्याचा आयुष्यक्रम सुरू झाला. मुलगा बुद्धिमान होता आणि धर्मशीलही होता. रविवारच्या धर्मशाळेत तो लहान मुलांस बायबल शिकवीत असे. लंडनचे बिशप त्या भागात येणार होते. त्यांच्यापुढे परीक्षेस बसण्याची तयारी चार्ल्सने करावी, असे स्थानिक धर्मोपदेशकाने सांगितले. मुलाने ते काम मनापासून घेतले. येशूची चार चरित्रे आणि इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मसूत्रे त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि त्यांत त्याला परस्परांशी न जुळणाऱ्या गोष्टी आढळल्या. त्याने त्या एका पत्रात लिहून धर्मोपदेशकाकडे समाधान मागितले.

या प्रसंगी एखाद्या शांत वृत्तीच्या गुरूने मुलास जवळ बसवून घेतले असते, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. परंतु धर्मोपदेशकास त्या पत्रात नास्तिकपणाचा वास आला. त्याने मुलास शिकविण्याच्या कामावरून तीन महिने दूर केले आणि ही गोष्ट वडिलांच्या कानी घातली. मुलाचा मोकळा वेळ आता रस्त्यावरच्या वादसभांतून जाऊ लागला आणि शंका वाढतच गेल्या. शेवटी मते बदलण्यासाठी त्यास तीन दिवसांची मुदत देण्यात आली. न बदलल्यास नोकरी जाणार होती. मुदत संपण्यापूर्वी सोळा वर्षांचा चार्ल्स घर आणि नोकरी दोन्ही सोडून बाहेर पडला.

पुढचे दिवस मोठे कष्टाचे गेले. स्वतंत्र विचारांच्या एका कुटुंबात त्याला आसरा मिळाला. पोटासाठी तो दलालीवर कोळसा विकू लागला, पण त्याची मते समजताच गिऱ्हाईके तुटू लागली. त्याच्याकडून बराच कोळसा घेणाऱ्या एका पाववाल्याच्या बायकोने तर, या कोळशावर भाजलेल्या पावाला नरकातल्या गंधकाची घाण येईल, असे म्हणून खरेदी बंद केली. अखेर थोडेसे कर्जही डोक्यावर झाले, तेव्हा १८५० च्या डिसेंबरात तो सैन्यात शिरला. जवळजवळ तीन वर्षे त्याने आयर्लंडमध्ये घोडदळात चाकरी केली. तेथील भूमिहीन शेतकऱ्यांची दैना त्याने डोळ्यांनी पाहिली. परक्या राज्याखाली दबलेल्या प्रजेविषयी त्याच्या मनात जी कळकळ पुढे दिसून आली, तिचे मूळ या दिवसांत आहे.

सैन्यातून सुटून आल्यावर ब्रॅडलॉ एका वकिलाच्या कचेरीत राहिले. तेथे मिळविलेले कायद्याचे ज्ञान त्यांना जन्मभर पुरले. दिवसा कचेरी आणि सायंकाळी व्याख्याने असा क्रम सुरू झाला. मालकास त्रास होऊ नये म्हणून ते मूर्तिभंजक या अर्थाच्या टोपणनावाने बोलत व लिहीत. १८६० पासून ‘नॅशनल रिफॉर्मर’ हे साप्ताहिक त्यांच्या हाती आले आणि १८६६ साली त्यांनी राष्ट्रीय इहवादी संस्थेची स्थापना केली. वाणी पहाडी, देह धिप्पाड, युक्तिवाद बिनतोड; परंतु भाषा पुष्कळदा कठोर. श्रद्धावान माणसाच्या मनास लागेल असे शब्द त्यांच्या तोंडून वारंवार निघत, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे.

याच काळात त्यांना एक विलक्षण अनुभव आला. त्यांच्याच पैशाच्या दाव्यात न्यायालयाने त्यांची साक्ष घेण्याचे नाकारले. जो ईश्वर मानीत नाही त्याची शपथ पोकळ, आणि शपथेवाचून साक्ष नाही, असा तेव्हाचा कायदा होता. म्हणजे नास्तिकाने खोटे बोलून देव मानतो असे सांगितले तर त्याची साक्ष ग्राह्य, आणि खरे सांगितले तर अग्राह्य! ब्रॅडलॉ यांनी दाद मागितली, चळवळ केली, आणि १८६९ व १८७० च्या कायद्यांनी अशा साक्षीदारास शपथेऐवजी गंभीरपणे प्रतिज्ञा करण्याची मोकळीक मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानात १८७३ च्या शपथ-कायद्याने हिंदू, मुसलमान किंवा शपथेस हरकत असणारा कोणीही साक्षीदार न्यायालयात केवळ प्रतिज्ञा करू शकत असे. राज्यकर्त्यांनी आपल्या अंकित देशात जी सवलत दिली, ती स्वतःच्या पार्लमेंटात देण्यास ते पुढे तयार होईनात.

१८६८ साली ब्रॅडलॉ नॉर्थॅम्प्टन या गावातून पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले. हे गाव जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे. त्या निवडणुकीत सुप्रसिद्ध तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल्ल याने त्यांना दहा पौंडांची मदत पाठविली. नास्तिकास मदत केल्याचा बोभाटा झाला, आणि त्या वर्षी मिल्लची स्वतःची जागा गेली, त्यास हेही एक कारण झाले असे मानतात. ब्रॅडलॉ त्या खेपेस पडले, १८७४ मध्ये दोनदा पडले, आणि १८८० च्या एप्रिलात अखेर निवडून आले. त्यांस मते देणाऱ्यांत नियमाने प्रार्थनामंदिरात जाणारे चर्मकार कारागीर पुष्कळ होते. त्यांनी उमेदवाराचा धर्म पाहिला नाही. गरिबांच्या बाजूने बोलणारा मनुष्य पाहिला.

पार्लमेंटच्या सभासदास राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि तिच्या शेवटी ईश्वराचे साहाय्य मागितलेले असे. या शपथेच्या दाराशी यापूर्वीही अनेकजण अडले होते. क्वेकर पंथीयांस १८३३ पासून प्रतिज्ञेवर प्रवेश मिळाला. रोमन कॅथॉलिकांस १८२९ साली दार उघडले. ज्यू धर्माचे रोथ्सचाइल्ड १८४७ साली निवडून आले, पण ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द उच्चारण्यास ते तयार नसल्यामुळे त्यांना अकरा वर्षे थांबावे लागले. राहता राहिला होता तो नास्तिक. ३ मे १८८० रोजी ब्रॅडलॉ सभागृहाच्या मेजापाशी गेले आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी असे त्यांनी लेखी मागितले. प्रश्न समितीकडे गेला. समितीत मते समसमान पडली आणि तिच्या अध्यक्षांच्या निर्णायक मताने मागणी फेटाळली गेली.

यानंतर ब्रॅडलॉ यांनी जे केले त्याविषयी तेव्हाही मतभेद होता व आजही होऊ शकेल. प्रतिज्ञा नाही तर नाही, मतदारांनी सोपविलेले काम टाळता येणार नाही, असे म्हणून ते शपथ घेण्यास तयार झाले. मात्र त्यांनी वर्तमानपत्रात एक पत्र प्रसिद्ध केले. शपथेतील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या दृष्टीने काही अर्थ नाही. परंतु निष्ठेचे जे वचन त्या शब्दांतून दिले जाते ते आपल्यावर पूर्णपणे बंधनकारक राहील, असा त्या पत्राचा आशय होता. झाले! विरोधकांनी ते पत्रच पुढे केले. ज्या शब्दांना हा मनुष्य निरर्थक म्हणतो ते त्याला कसे उच्चारू द्यावे, असे ते विचारू लागले. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. देवावर ज्यांची खरी श्रद्धा आहे त्यांना पवित्र शब्दांचा तो उपमर्द वाटणे स्वाभाविक होते. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ब्रॅडलॉ यांनी ते पत्र लिहिले नसते, मान खाली घालून शब्द पुटपुटले असते, तर त्यांना कोणी अडविले असते काय? अज्ञेयवादी म्हणून ज्यांची ख्याती होती, आणि जे पुढे हिंदुस्थानमंत्री म्हणून आपल्या इतिहासात आले, ते जॉन मोर्ले १८८३ साली याच सभागृहात आले व विनासायास आपल्या जागेवर बसले. तेव्हा ब्रॅडलॉ अडले ते अश्रद्धेमुळे तितके नव्हे, जितके ती उघड बोलून दाखविल्यामुळे.

२२ जून १८८० रोजी सभागृहाने त्यांना शपथ व प्रतिज्ञा दोन्हीची बंदी करणारा ठराव २७५ विरुद्ध २३० मतांनी केला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मेजापाशी आले. बाहेर जाण्याची आज्ञा झाली, ती त्यांनी बेकायदा म्हणून मानली नाही. तेव्हा त्यांना पकडून पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी सुटका झाली. कारण अशा कैद्याची लोकप्रियता वाढतच जाते हे सरकार पक्षाबरोबर विरोधकांनाही उमजले.

त्या वेळी मुख्य प्रधान होते ग्लॅडस्टन. त्यांच्यासारखा धर्मनिष्ठ पुरुष इंग्लंडच्या राजकारणात विरळा. आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही. गावच्या चर्चमध्ये ते स्वतः धर्मग्रंथाचे वाचन करीत. ब्रॅडलॉ यांच्या मतांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. तरीही याच ग्लॅडस्टननी पुढाकार घेऊन १ जुलै १८८० रोजी ठराव मंजूर करविला की, ब्रॅडलॉ यांना आपल्या कायदेशीर जबाबदारीवर प्रतिज्ञा करू द्यावी. ब्रॅडलॉ जागेवर बसले. पण लगेच त्यांच्यावर फिर्याद झाली. योग्य शपथेवाचून दिलेल्या प्रत्येक मतास पाचशे पौंड दंड असा कायदा होता. १८८१ च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला व जागा रिकामी झाली. नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून पाठविले.

३ ऑगस्ट १८८१ चा प्रसंग तर फारच शोचनीय होता. ब्रॅडलॉ सभागृहात जाऊ लागताच शिपाई व पोलीस यांनी मिळून त्यांना धरले आणि जिन्यावरून खेचीत बाहेरच्या अंगणात आणून सोडले. कोट फाटला, दंडांस इजा झाली, श्वास लागला. जवळच त्यांच्या पाठीराख्यांचा हजारोंचा जमाव उभा होता. एका शब्दानिशी तो दारे फोडून आत शिरला असता. परंतु ब्रॅडलॉ यांनी तो शब्द उच्चारला नाही. आपल्या सहकारी ॲनी बेझंट यांना त्यांनी आधीच लोकांस शांत ठेवण्याचे काम सोपविले होते, आणि ते त्यांनी पार पाडले. याच बेझंटबाई पुढे थिऑसफीकडे वळल्या, हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या, हे वाचकांस ठाऊक असेलच.

१८८२ च्या फेब्रुवारीत ब्रॅडलॉ यांनी खिशातून बायबल काढून स्वतःच स्वतःस शपथ दिली. सभागृहाने त्यांना काढून टाकले. मतदारांनी पुन्हा निवडून दिले. १८८४ मध्ये याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. दरम्यान १८८३ साली सरकारने सर्वांस प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक आणले. त्या वेळी ग्लॅडस्टन यांनी केलेले भाषण त्यांच्या उत्कृष्ट भाषणांपैकी एक मानले जाते. धर्माच्या रक्षणासाठी म्हणून उभारलेली ही भिंत प्रामाणिक अश्रद्धास बाहेर ठेवते आणि ढोंग्यास आत घेते, मग तिने धर्माचे रक्षण होते कसे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. तरीही ३ मे रोजी विधेयक २९२ विरुद्ध २८९ अशा अवघ्या तीन मतांनी पडले. ब्रॅडलॉ यांच्यावर दाव्यांमागून दावे चाललेच होते. ते बहुतेक स्वतःच उभे राहून लढवीत. कर्जाचा डोंगर मात्र वाढत गेला आणि मरेपर्यंत तो उतरला नाही.

शेवटी १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नॉर्थॅम्प्टनने त्यांना पुन्हा निवडून दिले. १३ जानेवारी १८८६ रोजी नवे सभापती पील यांनी निर्णय दिला की, सभासद आणि त्याची शपथ यांच्या मध्ये पडण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि मागील पार्लमेंटचे ठराव या पार्लमेंटास बांधीत नाहीत. ब्रॅडलॉ यांनी शपथ घेतली व जागेवर बसले. पण स्वतःस आसन मिळाले म्हणून त्यांनी प्रश्न सोडून दिला नाही. ज्यास शपथ नको त्यास न्यायालयात, पार्लमेंटात, सर्वत्र प्रतिज्ञा करता यावी, असे विधेयक त्यांनी स्वतः मांडले आणि १८८८ साली ते कायदा झाले. त्यांना ज्या दारात फरफटत काढले होते, ते दार त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी कायमचे उघडे करून ठेवले.

या पाच वर्षांत त्यांनी सभागृहाचा आदर संपादन केला. मजुरांस वेतन मालाच्या रूपाने नव्हे, रोख मिळावे यासाठी ते झटले. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर तर ते इतके बोलू लागले की त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणूनच ओळखण्यात येऊ लागले. १८८९ साली ते भयंकर आजारी पडले. समुद्रप्रवासाने प्रकृती सुधारेल असे वैद्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी मुंबईची वाट धरली. त्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पाचवे अधिवेशन सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने १८८९ इतकीच होती. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सर्वांनी या नास्तिक पाहुण्याचे उत्साहाने स्वागत केले, त्यांस मानपत्रे अर्पण केली. स्वदेशी परतल्यावर ब्रॅडलॉ यांनी हिंदी कायदे-कौन्सिलांत लोकनियुक्त सभासद असावेत अशी मागणी करणारे विधेयक १८९० साली मांडले. ते मंजूर झाले नाही. पण त्यातील प्रश्न सरकारास टाळता आला नाही, आणि १८९२ मध्ये कौन्सिलांच्या सुधारणेचा कायदा, अपुरा का होईना, झाला. तो पाहण्यास ब्रॅडलॉ मात्र हयात नव्हते.

१८९१ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा अंथरूण धरले. २७ जानेवारी रोजी कॉमन्स सभेने १८८० चा तो बंदीचा ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकण्याचे ठरविले. ज्या सभागृहाने त्यांना मनोऱ्यात कोंडले होते त्याने आपला अन्याय असा मान्य केला. ब्रॅडलॉ त्या वेळी शुद्धीवर नव्हते. ही वार्ता त्यांना कळलीच नाही. ३० जानेवारीस त्यांचे देहावसान झाले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत कसलाही विधी न करता त्यांना मूठमाती देण्यात आली. लंडनमधील हिंदी लोक त्या अंत्ययात्रेस मोठ्या संख्येने गेले होते. त्यांत एकवीस वर्षांचा एक कायद्याचा विद्यार्थी होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने एका धर्मोपदेशकास उद्दामपणे वादात ओढले. ते ऐकून नास्तिकपणाविषयी आपली नावड अधिकच वाढली, असे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्याची मते आपणांस मान्य नाहीत त्याच्या अखेरच्या दर्शनास जावे, आणि आपली मतेही सोडू नयेत. थोरपणा तो हाच. पुढे लाहोरास ब्रॅडलॉ यांच्या स्मरणार्थ एक मोठे सभागृह बांधण्यात आले. नॉर्थॅम्प्टनच्या चौकात त्यांचा पुतळा आहे.

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे, सायंकाळी दिवा लागतो, शुभंकरोती म्हटली जाते. मग अशा घरांतील मुलांनी एका नास्तिकाचे चरित्र का वाचावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ब्रॅडलॉ यांची मते घेण्यासाठी नव्हे, तर त्यांची सचोटी घेण्यासाठी. सार्वजनिक जीवनात दोन प्रकारची माणसे आदरास पात्र असतात. श्रद्धा असेल तर ग्लॅडस्टनप्रमाणे ती उघडपणे सांगून दुसऱ्याचा हक्क राखणारी, आणि श्रद्धा नसेल तर ब्रॅडलॉप्रमाणे तेही उघडपणे सांगून त्याची किंमत मोजणारी. मतांसाठी सोयीची भक्ती पांघरणारा किंवा सोयीची अश्रद्धा मिरविणारा पुढारी या दोघांच्याही पंक्तीस बसू शकत नाही.

आपल्या भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने दिले आहेत. त्या प्रत्येकात दोन मार्ग मोकळे ठेवले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. निष्ठेचे वचन मात्र दोहोंत एकच आहे. राष्ट्र आपल्या सेवकाकडून निष्ठा मागते. त्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू देते. पुढच्या वेळी शपथविधीचा समारंभ पाहाल तेव्हा कोणी कोणता मार्ग घेतला इकडे लक्ष द्या, पण त्यावरून कोणास लहानमोठे ठरवू नका. पाहावयाचे ते हे की, उच्चारलेला शब्द तो पाळतो की नाही. शाळेत रोज सकाळी हात पुढे करून आपण जी प्रतिज्ञा म्हणतो, तिच्या बाबतीत हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे.